खोटी खिडकी आणि मागचा ओटा

पुस्तकातल्या घराला समोरून तेरा खिडक्या होत्या आणि त्यांतली एक खोटी होती. वरच्या मजल्यावर, डावीकडची शेवटची. चौकट दगडाची, चौकटीत लाकडी पट्ट्या, पट्ट्यांमागे काळा रंग दिलेली भिंत. कारण पुस्तकात दिले होते. त्या जागी भिंतीच्या आतून धुराड्याची नळी वर जाते, त्यामुळे तिथे खिडकी पाडता येत नव्हती. पण उजव्या टोकाला खिडकी आहे म्हटल्यावर डाव्या टोकालाही ती दिसायला हवी, नाहीतर घराचा तोंडवळा एका बाजूला कलतो. हे घर इंग्लंडमधल्या एका खेड्यात आहे. कुणा जमीनदाराने काही पिढ्यांपूर्वी बांधलेले. आता तिथे कुणी राहत नाही. लोक तिकीट काढून आत जातात.

पुस्तक भाच्याने पाठवले होते. तो तिकडे नोकरीला आहे. सुट्टीत ते घर पाहायला गेला, बाहेर पडताना दुकानातून पुस्तक घेतले आणि इकडे येणाऱ्या मित्राबरोबर वडिलांना धाडले. वडील म्हणजे माझे दाजी, गावाचे आप्पा. त्यांनी ते तीन दिवस उशाशी ठेवले आणि चौथ्या दिवशी मला केडगावला फोन केला.

"इंग्रजी तुमचं खातं. सुट्टी कवा हाय तेवढं सांगा."

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. केडगावहून रोज रेल्वेने जाणे-येणे, आठवड्यातून एक दिवस घरी. तो दिवस बहुतेक झोपेत जायचा. त्या आठवड्यात तो मोटारसायकलवर गेला. चौफुला, पारगावचा पूल, न्हावरे आणि तिथून आत वळून कारेगावच्या अलीकडे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. पोचलो तेव्हा पाठ धरली होती.

दाजींची बरीचशी जमीन रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत गेली. ते आता कंपन्यांना कामगारांच्या बस पुरवतात. उरलेल्या दीड एकरात माझी थोरली बहीण, आक्का, शेवंती आणि झेंडू घेते. तेव्हाचे घर चार खोल्यांचे होते, वर पत्रा, आणि समोर घराच्या पूर्ण लांबीचा शहाबादी फरशीचा ओटा. ओट्यावरही पत्रा उतरवलेला. पहाटे तोडलेली फुले तिथे यायची. चार-सहा बायका पाय पसरून बसायच्या, डाग पडलेले फूल बाजूला, ओले बाजूला, बाकीचे क्रेटमध्ये. आक्का मधोमध. रस्त्यावर बाजाराचा टेम्पो वळला की तिला बसल्या जागेवरून दिसायचा. फुलांना वारा लागतो, सावली लागते आणि हाताशी माणसे लागतात. तिन्ही त्या ओट्यावर होती.

दाजींनी पुस्तक कॉटवर उघडून ठेवले होते. शेजारी वही, पट्टी आणि बॉलपेन. शिरूरचा मिस्त्री आधीच येऊन बसला होता. मी वाचत गेलो आणि सांगत गेलो. घराची समोरची बाजू सात भागांत वाटलेली आहे, मधल्या भागात दार. दारावर त्रिकोणी शिखर. शिखराच्या दोन्ही अंगांना सारखेच सगळे. दारातून आत आले की मोठा दिवाणखाना, त्याला दोन मजल्यांची उंची. समोर रुंद जिना. मागच्या अंगाला अरुंद दुसरा जिना, नोकरांसाठी, पाहुण्यांना दिसणार नाही असा. स्वयंपाकघर उत्तरेला, जेवणाच्या खोलीपासून लांब, कारण मालकांना वास नको असे. मोठ्या खिडक्या दक्षिणेला, कारण त्या देशात ऊन कमी.

"म्हंजी ऊन घरात बोलवायला खिडक्या?" मिस्त्री म्हणाला.

"व्हय," दाजी म्हणाले. "आपल्याकडं न बोलवता येतंय."

छताचा प्रश्न निघाला. पुस्तकातले छत उतरते होते, पण समोरून ते दिसू नये म्हणून कठडा उंच घेतला होता. मिस्त्रीला हे आवडले. "मग आपुन स्लॅब टाकू. कठड्यामागं काय हाय ते कोण बघतंय?" धुराडी चार होती. दाजींनी दोन धरली. खोटी खिडकी मात्र त्यांना हवीच होती. मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

"आप्पा, खिडकी काढायची तर खरी काढू की. तिथं आपल्याला धुराडं कुठाय?"

"पुस्तकात खोटी हाय ना? मग खोटी."

हा हट्ट का, हे मला नंतर कळले. घर बांधायचे ठरल्यापासून भावकीतला जो तो येऊन काहीतरी सुचवत होता. कुणी म्हणे गाळे काढा, कुणी म्हणे वर भाड्याच्या खोल्या, कंपनीतली पोरे राहतील. दाजी ऐकून दमले होते. पुस्तक आल्यावर त्यांनी एक नियम केला: पुस्तकात असेल ते होईल, पुस्तकात नसेल ते होणार नाही. यामुळे वाद मिटले. एकच सवलत दिली गेली. दक्षिणेला दार नको, असे घरातल्या थोरल्यांनी धरून बसल्यावर सगळा नकाशा कागदावर पाव वळसा फिरवला आणि दार पूर्वेला आणले. त्यामुळे उत्तरेचे स्वयंपाकघर पश्चिमेला गेले. दुपारनंतरचे ऊन तिथे थेट येणार, हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

आक्का चहा घेऊन आली आणि कपबशा हातातच धरून पुस्तकावर वाकली.

"यात ओटा कुठाय?"

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघ."

मी नीट पाहिले. दारापुढे पाच पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांपुढे खडी. बसायला जागा नव्हती. पुस्तकातल्या देशात कुणी दारात बसत नसावे.

"ओटा घातला का झालं गावातलं घर," दाजी म्हणाले. "वर शिखर आन् खाली गोण्या, चपला, बायांचा कालवा. मग बंगला कशाला बांधायचा?"

"आन् फुलं?"

"बघू की. जागा काय कमी पडती का एवढ्या घरात?"

मी निघालो तेव्हा आक्का मोटारसायकलपर्यंत आली. हँडलला फुलांची पिशवी अडकवली आणि आवाज खाली आणला. "बापू, तू म्हणलास तर त्यास्नी पटंल. सांग, हाय म्हणून. मागल्या बाजूला का हुईना."

"पुस्तकात नाही ते कसं सांगू?"

"कोण वाचणार हाय? तुझ्याबिगर इथं कुणाला येतंय?"

तेच तर कारण होते. ज्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही त्याने जास्तीचे काही वाचू नये, असे मी तिला म्हणालो. वर्षानुवर्षे बातम्यांच्या टेबलावर हेच केले होते. बातमीत नसलेले घालायचे नाही, असलेले गाळायचे नाही. तिने ऐकून घेतले. "बरं," म्हणाली आणि पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. तो विषय तिने परत काढला नाही.

बांधकामाला सव्वा वर्ष लागले. जुने घर पाडताना ओट्याच्या फरश्या निघाल्या. आक्काने त्या गोठ्यामागे एकावर एक रचून ठेवल्या. मिस्त्रीने विटांवर गिलावा करून त्यात दगडाच्या रेघा ओढल्या आणि वर पिवळसर रंग दिला. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांऐवजी बाजूला सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बसवल्या. रस्त्यावरून चौकोन तेच दिसत होते. एका धुराड्यातून सोलरचा पाइप खाली आणला. दुसरे रिकामे राहिले. खोट्या खिडकीला काच लावली आणि काचेला मागून काळा रंग दिला. रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बस तिथे वेग कमी करायच्या. कामगार मोबाइलवर फोटो काढायचे.

वास्तुशांतीच्या दिवशी भाच्याने तिकडून व्हिडिओ कॉल केला. दाजींनी फोन हातात धरून त्याला सगळे घर फिरवले, खोट्या खिडकीखालीही उभे राहिले.

"आप्पा, भारीच. पण तिथं कुणी राहत न्हाई ओ. तिकीट काढून बघायचं घर हाय ते."

"मग तू ये. तुला तिकीट न्हाई."

तो हसला. दाजीही हसले. तो कधी येणार हे कुणी विचारले नाही.

त्यानंतर फुलांचा पहिला हंगाम आला. पुढचे मी काही डोळ्यांनी पाहिले, काही आक्काकडून कळले.

पहिले दोन दिवस फुले दिवाणखान्यात निवडली. शेवंतीच्या पाल्याचा रस पांढऱ्या फरशीवर उतरला आणि पुसून गेला नाही. दाजींनी तिसऱ्या दिवशी तिथे बसायला मनाई केली. मग मागच्या अरुंद जिन्याखाली जागा केली. तिथे वारा नव्हता. भिंत पश्चिमेची, आदल्या दुपारची धग सकाळीही तिच्यात असायची. क्रेटमध्ये फुलांना घाम सुटायचा आणि बाजारात पोचेपर्यंत ती मऊ पडायची. टेम्पो आल्याचे आतून कळत नसे. ड्रायव्हर समोरच्या दारापाशी हॉर्न देत थांबायचा आणि आक्का सगळे घर ओलांडून पुढे जायची. तिचे गुडघे तेव्हापासून दुखू लागले.

बायकांचे कारण वेगळे होते. जुन्या ओट्यापाशी त्या न विचारता येत. इथे समोरून यायचे तर पाच पायऱ्या आणि शिखराखालचे मोठे दार. मागून यायचे तर गोठ्याला वळसा.

"चपला कुठं काढायच्या तेच कळंना वहिनी," त्यांतली एक म्हणाली. "पायरीवर काढल्या तर आप्पा बघत्यात. हातात धरून आत यावं तर चोरावानी वाटतंय."

दिवाळीच्या आधी दोघी यायच्या बंद झाल्या. संक्रांतीपर्यंत एकच उरली. बाकीच्या शेजारच्या शेतात जाऊ लागल्या. तिथे आंब्याखाली ताडपत्री होती.

संक्रांतीनंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी गेलो. दाजी बसच्या कामाला बाहेर होते. समोरचे दार आतून बंद होते, तसे ते नेहमीच असायचे. रुंद जिन्यावर बांधकामावेळचे प्लास्टिक अजून होते. वर जायला सगळे मागचाच जिना वापरत, कारण तो स्वयंपाकघराला लागून होता. एवढ्या मोठ्या घरात माणसे नोकरांच्या वाटेने फिरत होती.

आक्का जिन्याखाली स्टुलावर बसून एकटीच झेंडू निवडत होती. पंखा लावला होता. त्याने पाकळ्या उडत होत्या म्हणून तिने तो भिंतीकडे फिरवला होता.

"हे म्हणत्यात आता बास कर," ती म्हणाली. "पुढल्या साली शेवंती लावायची न्हाई. आराम कर म्हणत्यात."

"तुला काय वाटतं?"

"आराम करून काय करू? कुठं बसू?"

तिने मला मागून अंगणात नेले, घराला वळसा घालून पुढे आणले आणि वर बोट दाखवले. डावीकडची शेवटची खिडकी. काचेच्या आतला काळा रंग एका कोपऱ्यात सुटला होता आणि तिथून विटा दिसत होत्या.

"हे महिन्यातून एकदा पुसून घेत्यात. शिडी लावून. खिडकी खोटी चालती बापू, आन् ओटा खरा असून चालत न्हाई."

ती चिडून बोलली नव्हती. दमून बोलली होती. मग आत गेली, कारण टेम्पोची वेळ झाली होती.

पुढचा फोन उन्हाळ्यात आला. घराच्या मागच्या भिंतीला ओल धरली होती. कठड्यामागे पाणी साठत होते आणि मिस्त्री पुन्हा कामाला येणार होता. पुस्तक मी मधल्या काळात केडगावला आणले होते, काही शब्द अडले होते म्हणून. दाजींना हवे होते ते एवढेच: त्या घराच्या मागच्या बाजूला पाणी कसे काढले आहे ते बघून सांगा.

मी पान उघडले. पन्हळी आणि शिशाचे नळ यांची माहिती होती, ती वाचून सांगितली. दाजी वहीत लिहीत असावेत, मधे मधे "हां" म्हणत होते. सगळे सांगून झाले. फोन ठेवायचा होता.

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "मागच्या बाजूला ओटा आहे."

"काय?"

"घराच्या लांबीचा. दहा फूट रुंद. वर छप्पर, तीन बाजू उघड्या, खाली दगडी फरशी. बागेतली फुलं-फळं तिथं आणून निवडायचे."

पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज आला. मग दाजी म्हणाले, "तवा का न्हाई सांगितलं?"

"दुसऱ्या पानावर होतं. माझ्याकडून राहिलं."

"तुमच्याकडनं? पत्रकार माणसाकडनं?"

"राहतं कधी कधी."

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खाली दुरुस्ती छापतात. अशा दुरुस्त्या मी पुष्कळ लिहिल्या. दोन ओळींच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, कारणे द्यायची नाहीत. माझ्या नोकरीत खोटी दुरुस्ती मी एवढी एकच दिली, आणि तीही फोनवर.

"खांब कसं हायती?" दाजींनी विचारले.

यासाठी मी तयार नव्हतो. "साधे," म्हणालो. "गोल."

"किती?"

"सहा."

मिस्त्रीने सहा गोल खांब उभे केले. छप्पर पत्र्याचे झाले, पण पुढून पत्रा दिसू नये म्हणून त्याला कठडा घेतला. फरशीचा विषय निघाला तेव्हा आक्का म्हणाली की दगडी फरशी घरातच आहे, आणि गोठ्यामागच्या शहाबाद्या काढून दिल्या. ओटा पश्चिमेला असल्यामुळे सकाळी तिथे गार सावली असते आणि फुलांचे काम सकाळचेच असते. मागच्या बांधाकडून नवी वाट पाडली, आता टेम्पो थेट ओट्याला लागतो. हे सगळे पुस्तकाबाहेरचे होते, पण तोपर्यंत दाजी नियमाबद्दल फारसे बोलत नव्हते. बस पुरवण्याच्या कामात त्यांचीही धावपळ वाढली होती. घरी आले की ते शिखराखालच्या दाराने आत न जाता मागून येत.

पुस्तक त्यांनी माझ्याकडे दोनदा मागितले. एकदा मी विसरलो म्हणालो आणि एकदा खरोखर विसरलो. तिसऱ्यांदा त्यांनी मागितले नाही. ते अजून केडगावला माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या पानावर त्या घराचा मागचा भाग रेखाटलेला आहे. तिथे सपाट भिंत आहे आणि भिंतीला टेकवलेली एक शिडी.

परवा गेलो होतो. आक्काचे गुडघे बरे नाहीत. खाली बसता येत नाही म्हणून तिने ओट्यावर बाज टाकून घेतली आहे आणि क्रेट बाजेच्या उंचीला येईल असा दुसऱ्या क्रेटवर ठेवते. बायका चार आल्या होत्या. त्यांच्या चपला कडेला, खांबांना लागून. एक जण दुसरीला म्हणत होती, "तुझी फुलं बघ गं, सासूच्या तोंडावानी वाळल्यात," आणि तिसरी हसता हसता ठसकली. दाजी खांबाला पाठ लावून चहा पीत होते. पायातले बूट त्यांनी काढले होते. ते बायकांच्या चपलांच्याच रांगेत पडले होते.

"काय पत्रकार," ते म्हणाले, "त्या घरात असाच हाय ना ओटा?"

मी उत्तर जुळवत होतो. आक्काने मान वर केली नाही, हातातला झेंडू फिरवून देठ पाहिला आणि क्रेटमध्ये टाकला.

"असाच हाय," ती म्हणाली. "ह्याच्यापेक्षा थोडा बारका."

दाजींनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. कप खाली ठेवला.

"असंल," ते म्हणाले. "तिकडं फुलं कमीच असत्याल."

बांधाकडून टेम्पो वळला. आक्काला तो बसल्या जागेवरून दिसला.